शंभर टक्के कामात

"मावशी, कोर आठ आहेत ना? मग चारच्या पुढे गेलं की वेळ कमी का होत नाही?"

सईने हे माझ्याकडे न बघताच विचारलं. कोर म्हणजे प्रोसेसरमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग. जुलैचा शेवट. पुण्याच्या डहाणूकर कॉलनीत पाऊस उघडायचं नाव घेत नव्हता. मागच्या खोलीत तिच्या कॉम्प्युटरच्या पाठीशी दोरी बांधून आम्ही ओले कपडे वाळत घातले होते, कारण घरात तेवढ्याच एका कोपऱ्यात कोरडी, गरम हवा येत होती. सई सांगलीची. विद्यापीठात वातावरणशास्त्रात एम.एस्सी. करते आणि माझ्याकडे राहते. तिच्या प्रकल्पात सह्याद्री आहे. अरबी समुद्रावरून आलेली ओली हवा घाट चढते तेव्हा तिचं काय होतं, ताम्हिणीला धो धो कोसळणारा पाऊस पन्नासेक किलोमीटर पूर्वेला पुण्यात येईपर्यंत भुरभुर का होऊन जातो, हे ती आकड्यांनी मांडू बघते. सगळा प्रदेश चौकटींमध्ये तोडायचा, प्रत्येक चौकटीत वारा, तापमान, बाष्प, दाब ठेवायचे, आणि काही सेकंदांच्या टप्प्याने ते पुढे सरकवत न्यायचे. प्रोग्राम एका थ्रेडवर, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यावर, चालवला की रात्र जाते. दोन थ्रेड दिले की वेळ बराच कमी होतो, चार दिले की आणखी किंचित. आठ दिले की ढिम्म. चारला जेवढा लागला तेवढाच.

तिच्या प्रश्नापेक्षा मला तिच्या स्क्रीनने जास्त छळलं. एचटॉपमध्ये, म्हणजे कुठला कोर किती कामात आहे ते दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये, आठही पट्ट्या काठोकाठ भरलेल्या होत्या, आठांपुढेही शंभर टक्के. पंखा घोंघावत होता, दोरीवरचा टॉवेल हलत होता. कुठूनही बघा, आठही जण जीव तोडून राबताहेत असंच वाटेल. आणि तरी चार जणांइतकंच काम होत होतं. मग उरलेले चार काय करत होते? मी अर्धं आयुष्य सर्व्हर सांभाळण्यात घालवलंय, उत्तराचा अंदाज मला होता. पण अंदाज सांगून सईचं समाधान होणार नाही हेही माहीत होतं. ती आकडे मागणारी मुलगी आहे. म्हटलं, मोजूया.

मोजायचं काय, तर प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधली वाट. एका सेकंदात मेमरीतून किती बाइट्स प्रोसेसरपर्यंत पोहोचू शकतात, ती बँडविड्थ. कॉम्प्युटर विकत घेताना हा आकडा कुणी विचारत नाही आणि दुकानदारही सांगत नाही. कोर किती, गिगाहर्ट्झ किती, रॅम किती जीबी, एवढ्यावर सौदा होतो. रॅम किती मावते हे सगळे विचारतात, किती वेगाने वाहते हे कुणीच नाही. मला हे फार दिवसांपासून खटकतं. सोळा जीबी रॅम सोळा जीबीच असते, पण ती एका स्टिकमध्ये आहे की आठ-आठच्या दोन स्टिकमध्ये, यावर मशीनचा निम्मा वेग ठरू शकतो, आणि ही गोष्ट पावतीवर कुठेच येत नाही.

सईने आधी आपल्या परीने मोजलं होतं. लिनक्सवर हाताशी असलेली सगळ्यात सोपी कमांड म्हणजे डीडी. झीरो नावाच्या डिव्हाइसमधून शून्यं वाचायची, नल नावाच्या डिव्हाइसमध्ये ओतायची, ब्लॉक, म्हणजे एका वेळी हलवायचा तुकडा, एक एमबीचा ठेवायचा. शेवटी ती सेकंदाला किती जीबी ते सांगते. आकडा आला बावीसच्या घरात. "बघ, मेमरी तर मस्त आहे," ती म्हणाली. मी तिला ब्लॉक बदलून बघायला सांगितलं. ५१२ बाइट्सचा केला तर वेग धाडकन खाली आला, कारण आता सगळा वेळ कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, पुन्हा पुन्हा हाक मारण्यात जात होता. ५१२ एमबीचा केला तर बावीसचे जेमतेम निम्मे राहिले. मशीन तेच, रॅम तीच, कमांड तीच, आणि उत्तरं तीन. एक एमबीचा ब्लॉक प्रोसेसरच्या आतल्या कॅशेमध्ये, म्हणजे छोट्या, वेगवान साठ्यातच, बसून जातो. तीच जागा पुन्हा पुन्हा शून्यांनी भरली जाते आणि रॅमच्या दारापर्यंत जायची वेळ क्वचितच येते. शिवाय नलमध्ये लिहिणं म्हणजे काहीच न करणं. कर्नल ते बाइट्स वाचतसुद्धा नाही, 'मिळाले' म्हणून मोकळा होतो. म्हणजे डीडी खोटं बोलत नव्हती. आपण विचारत होतो एक आणि ती सांगत होती दुसरंच.

सिसबेंच या दुसऱ्या साधनाचंही तसंच. मेमरीची चाचणी लावली आणि बाकी काही सांगितलं नाही तर ती एक केबीचा ब्लॉक घेते, आणि एक केबी म्हणजे अगदी आतल्या, सगळ्यात छोट्या कॅशेमध्येही लोळायला जागा. आकडा डोळे दिपवणारा येतो. एमबीडब्ल्यू त्या मानाने बरी. तिला किती एमबीचा तुकडा हलवायचा ते आपणच सांगतो, त्यामुळे विचार करावा लागतो. आणि एककांचं भान लागतं: कुणी एमबी म्हणजे दहा लाख बाइट्स धरतं, कुणी १०,४८,५७६. दोन साधनांचे आकडे शेजारी ठेवून 'यात पाच टक्के फरक का' म्हणून डोकं खाजवण्याआधी एवढं बघून घ्यावं.

म्हणून मी तिला स्ट्रीमकडे नेलं.

स्ट्रीम हा सी भाषेत लिहिलेला छोटासा प्रोग्राम आहे. एकच फाइल, एका बैठकीत वाचून होते. जॉन मॅककॅल्पिन यांनी तो १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, डेलावेअर विद्यापीठात असताना तयार केला, आणि मला त्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की ते तिथे समुद्रशास्त्राचे प्राध्यापक होते. सागरी प्रवाहांची गणितं यंत्रावर चालवायची होती, आणि कंपन्या सांगत त्या वेगाशी प्रत्यक्षाचा मेळ बसत नव्हता. समुद्राच्या गणितात एकेका आकड्यावर काम थोडंच असतं, पण आकडे अफाट असतात. ते आणायलाच वेळ जातो. हे सांगितल्यावर सई पहिल्यांदा खुर्ची फिरवून माझ्याकडे वळली. "म्हणजे माझ्यासारखाच प्रॉब्लेम," ती म्हणाली. हो, तिच्यासारखाच. हवा काय आणि पाणी काय, चौकटी तशाच.

स्ट्रीम चारच गोष्टी करतो. एक रांग दुसरीत उतरवायची. एका रांगेला एका संख्येने गुणून दुसरीत ठेवायचं. दोन रांगांची बेरीज तिसरीत. आणि शेवटचा ट्रायड: एका रांगेत दुसरीचं गुणलेलं रूप मिळवून तिसरीत. एवढंच. पण नियम कडक आहेत. प्रत्येक रांग शेवटच्या कॅशेच्या निदान चौपट मोठी हवी, म्हणजे कॅशेमध्ये लपून आकडा फुगवायची सोय राहत नाही. सईच्या प्रोसेसरची एल-थ्री, म्हणजे शेवटची, कॅशे सोळा एमबीची, हे एलएससीपीयू या कमांडने सांगितलं. स्ट्रीमच्या मूळ फाइलमधली रांग एक कोटी आकड्यांची, आठ बाइट्सच्या हिशेबाने ८० एमबी. चौपटीची अट जेमतेम पुरी होते. मला जेमतेम नको होतं, म्हणून आम्ही आठ कोटी धरले. तीन रांगा मिळून १.९२ जीबी. दहा कोटी करून बघायचा मोह सईला झालाच आणि प्रोग्रामचे भाग जोडणाऱ्या लिंकरने 'रिलोकेशन ट्रंकेटेड' म्हणत हात वर केले. साध्या मांडणीत अशा स्थिर रांगांना दोन जीबीची मर्यादा असते, प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला मेमरी मॉडेल मीडियम आहे असं सांगितलं की ती सुटते. आम्ही आठ कोटींवरच राहिलो. स्ट्रीम प्रत्येक गोष्ट दहा वेळा करतो आणि पहिली फेरी मोजतच नाही, उरलेल्यांतली सर्वांत चांगली वेळ धरतो. शेवटी रांगांमधले आकडे बरोबर आलेत की नाही हेही तपासतो. कुणालाही मोठं दाखवायचं नाही, कुणावर अन्याय करायचा नाही, अशा बेताने लिहिलेला प्रोग्राम आहे तो. त्याच्यातल्या टिपा वाचतानाही मला एक चांगला शिक्षक बोलतोय असं वाटत राहतं.

एका थ्रेडवर ट्रायडचा आकडा आला सेकंदाला सुमारे १३.८ जीबी. दोनवर १७.१. चारवर १७.६. आठवर १७.४.

सईने ते वहीत एकाखाली एक लिहिले आणि नंतर बराच वेळ पेन्सिलचं टोक आठवरच्या आकड्यावर टेकवून बसली.

मग आम्ही मशीनमधल्या भागांची माहिती देणारा डीएमआयडीकोड चालवला. त्याने मदरबोर्डवरची चारही जागांची यादी दिली. तीन रिकाम्या. एकीत सोळा जीबीची एक स्टिक, डीडीआर-फोर, ३२००. सेकंदाला ३२०० दशलक्ष वेळा, दर वेळी आठ बाइट्स, म्हणजे कागदावर २५.६ जीबी. प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन चॅनेल, म्हणजे दोन वाटा, दिलेले असतात आणि त्यातलं एक पूर्ण बंद पडलेलं, कारण पलीकडे कुणी नव्हतंच. दुकानात एकच स्टिक देताना 'पुढेमागे वाढवता येईल' असं म्हणाले होते, आणि ते चुकीचं नाही. जागा उरतात, पैसे वाचतात. फक्त त्या वाक्यात आजचा वेग कुठेच नव्हता.

२५.६ आणि १७.६ यांच्यातला फरक सईला पटेना. तो समजावताना मला स्वतःला मजा आली. आपण एखाद्या जागी नवा आकडा लिहितो तेव्हा प्रोसेसर आधी ती जागा असलेली चौसष्ट बाइट्सची अख्खी ओळ मेमरीतून कॅशेमध्ये ओढून आणतो, मग तिच्यावर लिहितो, आणि सवडीने परत पाठवतो. ट्रायडमध्ये आपण दोन आकडे वाचतो आणि एक लिहितो, म्हणून स्ट्रीम २४ बाइट्स मोजतो. पण त्या लिहिण्यासाठीचं गुपचूप वाचणं धरलं तर प्रत्यक्षात ३२ बाइट्सची ये-जा झालेली असते. १७.६ ला चार-तृतीयांशाने गुणा, साडेतेवीसच्या जवळ जातो. म्हणजे मेमरी आपल्या कुवतीच्या नव्वद टक्क्यांच्या वर चालत होती. तिच्यात काही खोट नव्हती. ती एकटी होती.

आणि आता प्रोसेसरचा हिशेब. असा आठ कोरचा प्रोसेसर, प्रत्येक कोर दर ठोक्याला सोळा क्रिया करू शकणारा, चार गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला चार अब्ज ठोके. गुणाकार केला की सेकंदाला पाचशे अब्जांच्या वर क्रिया. ट्रायडमध्ये दर २४ बाइट्समागे दोनच क्रिया असतात, एक गुणाकार आणि एक बेरीज. १७.६ जीबीच्या वेगाने आकडे येत असतील तर सेकंदाला दीड अब्जाच्या आसपास क्रिया होतात. पाचशेपैकी दीड. एक टक्कासुद्धा नाही. आणि एचटॉप म्हणतोय शंभर टक्के.

एचटॉपही खोटं बोलत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने कोर एखाद्या प्रोग्रामला दिलेला असला की तो कामात. मेमरीतून येणाऱ्या आकड्यासाठी तो शेकडो ठोके नुसता थांबला तरी ती पट्टी हिरवीच राहते. वाट बघणं आणि काम करणं यांचा रंग तिथे एकच आहे. ते वेगळं बघायचं तर पर्फ लागतो: दर ठोक्याला किती सूचना पार पडल्या हे तो प्रोसेसरच्या आतल्या मोजण्यांवरून सांगतो. सईचा प्रोग्राम एका थ्रेडवर असताना दर ठोक्याला एकाहून थोड्या जास्त सूचना होत होत्या. आठ थ्रेडवर तोच आकडा पावच्या आसपास उतरला. जण वाढले, तसा प्रत्येकाच्या वाट्याला येणारा माल घटला.

इथे मला बाबा आठवले, आणि ते आठवणं टाळता येण्यासारखं नव्हतं. बाबा सिमला ऑफिसात होते. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, पुढे १९४४ मध्ये दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीचं नाव तसंच राहिलं. बाबांचं काम नकाशे भरण्याचं. देशभरातल्या केंद्रांकडून निरीक्षणं टेलिप्रिंटरवर यायची, पाच-पाच आकड्यांच्या गटांत. ४३०६३ म्हणजे पुणे, ४३००३ म्हणजे सांताक्रूझ. पहिला गट दिसला की त्यांचा हात नकाशावर त्या जागी गेलेलाच असे. एक बारीक वर्तुळ, त्यात ढग किती ते. वाऱ्याची काडी आणि तिला पिसं. डाव्या अंगाला वर तापमान, उजवीकडे दाब. काळी आणि लाल शाई. मी लहानपणी तिथे गेले की एका स्टुलावर बसून त्यांचा हात बघत राहायची. शाईचा आणि टेलिप्रिंटरच्या तापलेल्या तेलाचा वास, यंत्र सुरू झालं की टेबलाला येणारी थरथर. त्यांचा हात इतका चपळ होता की गट छापून संपायच्या आत ते केंद्र नकाशावर उमटलेलं असे.

आणि मग हात थांबे. पुढचा संदेश येईपर्यंत. कधी मिनिटभर, कधी बराच वेळ. पेन टोपण न लावता कागदाच्या कडेला धरलेलं, नजर यंत्राकडे.

आमचे एक काका होते, ते कधीतरी बाबांना न्यायला तिथे जात. त्यांनी बाबांना बहुतेक वेळा पेन धरून बसलेलंच पाहिलं असणार. घरी जेवताना ते म्हणायचे, "तुझी नोकरी चांगली आहे रे, खुर्ची ऊबदार ठेवायची." बाबा हसायचे. मला ते हसणं आवडायचं नाही, तेव्हाही आणि आताही. अरबी समुद्रात वादळ असलं की टेबलावर आणखी एक माणूस बसवत, तरी नकाशा काही लवकर तयार होत नसे. आकडे ज्या तारेवरून येत ती तार तेवढीच होती. बाबा खिशातल्या एका छोट्या वहीत कोणत्या केंद्राचा संदेश किती वाजता आला ते टिपून ठेवत. कुणी सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "नकाशाला उशीर झाला तर तो कुठे झाला हे माहीत असावं."

बाबा वाट बघताना रिकामे दिसत, आणि हा प्रोसेसर वाट बघताना पूर्ण कामात दिसतो. दोन्हीकडे बघणाऱ्याच्या हाती चुकीची गोष्ट लागते. मोजण्याबद्दल मला जे वाटतं ते इथून येतं. किती वेगाने काम होतं हे मोजणं चांगलंच, पण वाट कुठे बघावी लागली हे ज्याने टिपलं त्याने त्या कामाला आणि ते करणाऱ्याला न्याय दिला.

रविवार सोडून एका दुपारी आम्ही बुधवार पेठेत गेलो. पाऊस होता, पासोड्या विठोबाच्या बाजूने शिरलो तर छत्र्यांच्या काड्या एकमेकींत अडकत होत्या. दुकानदाराने तशीच सोळा जीबीची स्टिक काढली आणि मी जुनीचा फोटो दाखवून आकडे जुळवून घेतले: क्षमता, वेग, व्होल्टेज. तो म्हणाला, "ताई, चारपैकी कुठेही लावा, चालेल." चालेल हे खरं. पण पहिल्या-दुसऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या जागेत जोडीने लावल्या तर बहुतेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनेलवर जातात आणि दुसरं तसंच मोकळं राहतं. मदरबोर्डच्या पुस्तिकेत छोटं चित्र असतं. बहुधा प्रोसेसरकडून मोजत दुसरी आणि चौथी जागा. सईने घरी येऊन कॅबिनेट उघडलं, दोरीवरचे कपडे आधी बाजूला घेतले, आणि स्टिक दोन्ही अंगठ्यांनी दाबली. क्लिप बसल्याचा तो 'खट' आवाज ऐकल्याशिवाय मी तिला झाकण लावू दिलं नाही.

एका थ्रेडवर १८. दोनवर २९. चारवर ३४. आठवर साडेचौतीस.

सई नाचायचीच बाकी होती. प्रोग्राम लावला, आठ थ्रेडवर वेळ जवळपास निम्म्यावर आला. मग तिने चारवर लावला, आणि तिचा चेहरा पुन्हा तसाच झाला. चार आणि आठमध्ये पुन्हा नावापुरताच फरक. कमाल मर्यादा वर गेली, पण ती होतीच. मला तिचं हिरमुसणं कळत होतं आणि आतून आनंदही होत होता, कारण तिने आता स्वतः रेघ ओढली: आलेख दोन्ही वेळा एकाच आकाराचा, नुसता वर उचललेला.

विद्यापीठापासून फार लांब नाही, पाषाणला आयआयटीएममध्ये, म्हणजे भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत, हेच मोठ्या मापाने चालतं. २०१८ मध्ये तिथे प्रत्युष हा महासंगणक आला, चार पेटाफ्लॉप्सचा; एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज क्रिया. २०२४ मध्ये अर्क, ११.७७ पेटाफ्लॉप्सचा. आकडे वाचून छाती भरून येते आणि यावी. पण हवामानाच्या मॉडेलला त्या पेटाफ्लॉप्समधले किती मिळतात हा वेगळा प्रश्न आहे. जगातल्या महासंगणकांची क्रमवारी लिनपॅक या कसोटीवर लागते, आणि लिनपॅक असं गणित आहे की एकदा आणलेल्या आकड्यावर ते भरपूर काम करतं. एचपीसीजी नावाची दुसरी कसोटी आहे, तिचं वागणं खऱ्या शास्त्रीय प्रोग्रामांच्या जवळ जाणारं, मेमरीवर भार टाकणारं. तिच्यावर मोठमोठी यंत्रं आपल्या कमाल क्षमतेच्या काही टक्क्यांवर येतात. हे अपयश नाही. हवा अशीच आहे. एका चौकटीचं गणित थोडकं आणि चौकटी अगणित. चौकटीची बाजू निम्मी केली की आडव्या प्रतलात चौकटी चौपट होतात, काळाचा टप्पाही निम्मा करावा लागतो, काम आठपट. आयआयटीएमने तयार केलेली भारत फोरकास्ट सिस्टिम २०२५ मध्ये सहा किलोमीटरच्या चौकटींवर आली, आधी बारा होत्या. बारावरून सहावर येणं हे दोन शब्दांचं वाक्य आहे, त्याच्या मागे किती आकड्यांची ने-आण आहे हे सईला आता आपल्या खोलीतल्या मशीनवरून कळतं. ती त्या बातमीतले सहा किलोमीटर आता वेगळ्या नजरेने वाचते.

मेमरीचा वेग वाढवायला आता वाव नव्हता, तेव्हा मागणी कमी करणं उरलं. तिच्या प्रोग्राममध्ये एकामागून एक दोन लूप, म्हणजे तीच कृती चौकटीमागून चौकटीवर करणारे भाग, होते. पहिला अख्ख्या प्रदेशावरून जाऊन बाष्प पुढे सरकवायचा, दुसरा पुन्हा अख्ख्या प्रदेशावरून जाऊन पाऊस काढायचा. पहिला संपेपर्यंत सुरुवातीच्या चौकटी कॅशेमधून केव्हाच बाहेर गेलेल्या असायच्या, म्हणजे तेच आकडे पुन्हा मेमरीतून. दोन्ही एकत्र केले, चौकट हातात आहे तोवर तिचं सगळं उरकून घेतलं, आणि एकाही पैशाचा खर्च न होता वेळ आणखी घटला. नव्या स्टिकपेक्षा मला या बदलाचा जास्त अभिमान वाटला, आणि तो तिचा तिने शोधला.

त्यानंतरचा विचार मात्र तिला झोपू देईना. प्रत्येक आकडा आठ बाइट्सचा आहे, तो चार बाइट्सचा केला तर? युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफ या हवामान केंद्राने २०२१ मध्ये आपलं रोजच्या भाकिताचं मॉडेल अशा एकेरी अचूकतेवर नेलं आणि वाचलेल्या वेळात उभ्या दिशेचे थर वाढवले. निम्मे बाइट्स, त्याच वाटेवरून दुप्पट आकडे. पण चार बाइट्समध्ये दशांश पद्धतीचे सातेक अंक मावतात, आणि दाबासारख्या मोठ्या आकड्यात दर टप्प्याला मिळवायचा बदल फार बारीक असतो. तो गळून गेला तर हजारो टप्प्यांनंतर काय राहील? तिने सगळं एकदम बदललं नाही. बाष्प आणि पाऊस चार बाइट्सवर आणले, दाब आणि वारा आठवर ठेवले. दोन्ही धावांचा पाऊस वजा करून नकाशा काढला तर बहुतेक ठिकाणी फरक डोळ्यांना दिसत नाही, पण घाटमाथ्याच्या काही चौकटींत, जिथे उतार सर्वांत तीव्र आहे, तिथे तो ठिपक्याठिपक्यांनी उठून येतो. तो फरक अचूकता कमी केल्याचा आहे, की तिथला पाऊस मुळातच इतका संवेदनशील आहे की काहीही किंचित हलवलं तरी असाच ठिपका पडेल, हे वेगळं करायचंय. त्यासाठी ती सुरुवातीचं तापमान शेवटच्या अंकात थोडं थोडं बदलून, सगळं आठ बाइट्सवर ठेवून, धावांचा एक संच लावणार आहे. वेळ परवडतो म्हणून लावता येतोय. स्ट्रीमचं कोष्टक तिने प्रबंधाच्या मुख्य भागातच घातलंय, परिशिष्टात नाही, आणि त्याच्या खाली रॅम कोणत्या दोन जागांत बसवली आहे तेही लिहिलंय.